वेढा, उपासमार आणि एक काढा : ‘बू झोंग यी ची तांग’ या चिनी औषधयोगाचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात औषधयोगांकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. चिकित्सक त्यांची उपयुक्तता तपासतो, तर ग्रंथांचा अभ्यासक त्यांचे पाठ, पाठभेद आणि परंपरा तपासतो. या दोन्ही दृष्टी आवश्यक आहेत. तथापि, औषधयोग हा ज्या काळात रचला गेला त्या काळाचा एक दस्तऐवजही असतो, ही तिसरी दृष्टी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत निबंधात ‘बू झोंग यी ची तांग’ या चिनी औषधयोगाचा या तिसऱ्या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

या नावाचा शब्दशः अर्थ ‘मध्याची भरपाई करून ची वाढविणारा काढा’ असा होतो. येथे ‘मध्य’ म्हणजे पचनाचे केंद्र आणि ‘ची’ म्हणजे शरीरव्यापार चालविणारी शक्ती. अन्नावरील वासना जाणे, जेवणानंतर ग्लानी येणे, दीर्घकाळ पातळ शौचास होणे, थकव्यासह बारीक ताप राहणे अशा तक्रारींवर हा काढा आजही चीन, जपान व कोरियात वापरला जातो. त्याचा कर्ता ली गाओ (इ.स. ११८० ते १२५१) हा ‘ली दोंगयुआन’ या नावानेही ओळखला जातो. पचनशक्तीचा ऱ्हास हे बहुतेक व्याधींचे मूळ आहे, हा त्याचा सिद्धांत चिनी वैद्यकाच्या इतिहासात सुपरिचित आहे. मात्र हा सिद्धांत त्याने इ.स. १२३२ मध्ये मंगोल सैन्याने वेढलेल्या कायफेंग शहरात पाहिलेल्या मृत्यूच्या थैमानाशी जोडला आहे, ही गोष्ट काढ्याच्या लोकप्रियतेत मागे पडलेली दिसते. ते मृत्यू कशाने झाले, या प्रश्नाचे ली गाओने दिलेले उत्तर म्हणजेच हा काढा होय, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ते उत्तर कितपत ग्राह्य मानावे, याचीही येथे चर्चा केली आहे.

२. पार्श्वभूमी : चिन राज्य व वैद्यकातील मतभेद

जुर्चेन लोकांच्या चिन राजवंशाने इ.स. ११२७ मध्ये सोंग राजवंशाकडून कायफेंग जिंकून घेतले. पुढे मंगोलांच्या दबावामुळे इ.स. १२१४ मध्ये चिन सम्राटाने आपली राजधानीच कायफेंग येथे हलविली. त्यानंतरची वीस वर्षे उत्तर चीनमध्ये सततच्या लढाया, स्थलांतरे आणि पडलेली शहरे यांची होती.

या अस्थिर काळात वैद्यकाच्या क्षेत्रात मात्र विलक्षण वैचारिक घुसळण झाली. तोपर्यंत तापाच्या व्याधींबाबत झांग झोंगजिंगच्या इ.स.च्या तिसऱ्या शतकारंभीच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथाचा अधिकार सर्वमान्य होता. आपल्या दोनशेहून अधिक कुटुंबीयांपैकी दोनतृतीयांश दहा वर्षांच्या आत मृत्यू पावले आणि त्यांतील दहापैकी सात ‘शीतबाधे’ने गेले, असे त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद आहे. म्हणजे चिनी वैद्यकातील हा आधारग्रंथसुद्धा मृत्यूच्या लाटेतूनच निर्माण झाला, असे परंपरा मानते. बाहेरून शिरणारी थंडी हे रोगाचे कारण, आणि घाम आणणे किंवा रेच देणे हे त्यावरील प्रमुख उपाय, अशी त्याची चौकट सर्वसाधारण वैद्यांच्या हाती उरली होती.

ली गाओचा गुरू झांग युआनसू याने या चौकटीलाच आव्हान दिले. प्राचीन आणि वर्तमान काळाची परिस्थिती भिन्न असल्याने जुने योग नव्या रोगांना लागू पडत नाहीत, असे त्याचे मत इतिहासग्रंथात नोंदविलेले आहे. त्याच काळात ल्यू वानसू याने शीतल औषधांवर, तर झांग त्सोंगझेंग याने वमन, रेचन व स्वेदन या शोधन-उपायांवर भर दिला. ली गाओ या परंपरेतील तिसरा. पुढील शतकातील झू झेनहेंग याच्यासह हे चौघे ‘चिन-युआन काळातील चार आचार्य’ म्हणून ओळखले जातात. यांपैकी ली गाओचा भर शोधनावर नसून भरपाईवर होता, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

३. कर्त्याचा पूर्वानुभव

ली गाओ हा झेनडिंग येथील श्रीमंत घराण्यातला. वैद्यक हा त्याचा पिढीजात व्यवसाय नव्हता. आईच्या आजारपणात अनेक वैद्य आले, प्रत्येकाने निराळे निदान केले, आणि अखेर कोणता रोग होता हे न कळताच ती गेली. त्या दुःखातून त्याने मोठी रक्कम देऊन झांग युआनसूचे शिष्यत्व पत्करले, असे त्याच्या चरित्रपर परंपरेत सांगितले जाते.

इ.स. १२०२ मध्ये तो जियुआन येथे करवसुलीच्या सरकारी पदावर असताना तेथे डोके व चेहरा सुजविणारी एक साथ पसरली. इतर वैद्य रेचक देत होते आणि रोगी दगावत होते. ली गाओने विषहारक, शीतल वनस्पतींचा ‘पू जी श्याओ दू यिन’ हा योग तयार केला व तो लोकांच्या वर्दळीच्या ठिकाणी जाहीर केला. या घटनेचे महत्त्व असे की, बाहेरून येणारा व माणसामाणसांत पसरणारा रोग ली गाओला अपरिचित नव्हता. तशा रोगावर त्याने स्वतः उपचार केले होते. त्यामुळे तीस वर्षांनी कायफेंगमधील मृत्यूंबाबत त्याने बाह्य कारण नाकारले, ते अज्ञानापोटी नाकारले असे म्हणता येत नाही.

४. कायफेंग, इ.स. १२३२

इ.स. १२३२ च्या वसंतात मंगोल सैन्याने सेनापती सुबुताईच्या नेतृत्वाखाली कायफेंगला वेढा घातला. आजूबाजूच्या प्रदेशातील निर्वासितांनी शहर आधीच भरलेले होते. सुमारे अर्धा महिना तीव्र हल्ले झाले. चिन सैन्याने स्फोटक दारूगोळ्याचा वापर करून तट राखला. त्यानंतर तहाची बोलणी होऊन हल्ले थांबले आणि शहराची दारे उघडली. मृत्यूंची खरी लाट आली ती यानंतर.

या लाटेविषयी तीन महत्त्वाच्या साक्षी उपलब्ध आहेत. पहिली खुद्द ली गाओची. त्याच्या ‘नेइ वाइ शांग ब्यान हुओ लुन’ या ग्रंथात (प्रस्तावना इ.स. १२४७) तो सांगतो की, वेढा उठल्यावर आजारी न पडलेले लोक दहा हजारांत एक-दोनही नव्हते. शहराच्या बारा दारांतून दररोज प्रत्येकी एक ते दोन हजार मृतदेह बाहेर नेले जात, आणि हे जवळजवळ तीन महिने चालले. दुसरी साक्ष ‘चिन शी’ या राजवंशाच्या अधिकृत इतिहासाची. इ.स. १३४४ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथानुसार पन्नास दिवसांत नऊ लाखांहून अधिक मृतदेह दारांबाहेर गेले व ज्यांना दफनाचीही ऐपत नव्हती असे गरीब त्यात धरलेले नाहीत. तिसरी साक्ष कवी युआन हाओवेन (इ.स. ११९० ते १२५७) याची. ली गाओच्या ‘पी वेइ लुन’ या ग्रंथाला इ.स. १२४९ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने पन्नास-साठ दिवसांत सुमारे दहा लाख मृत्यू झाल्याचे म्हटले आहे.

हे आकडे ताडून पाहणे उद्बोधक ठरते. ‘चिन शी’चे नऊ लाख पन्नास दिवसांनी भागले असता दररोज अठरा हजार येतात, आणि बारा दारांत विभागले असता प्रत्येक दारी दीड हजार. ली गाओने दिलेल्या एक ते दोन हजार या मर्यादेच्या हा आकडा अगदी मधोमध येतो. मात्र ली गाओचा तीन महिन्यांचा कालावधी धरल्यास एकूण संख्या सुमारे पावणेअकरा लाख ते साडेएकवीस लाख इतकी होते. म्हणजे दैनंदिन मोजणीत साक्षी जुळतात, कालावधीत जुळत नाहीत. दारांवर मृतदेहांची काही मोजदाद होत असावी आणि तोच आकडा शहरात सर्वांच्या तोंडी असावा, असा तर्क यावरून करता येतो.

परंतु साक्षी जुळतात म्हणून त्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानणे योग्य होणार नाही. युआन हाओवेन व ली गाओ हे परस्परांचे स्नेही होते आणि दोघेही वेढलेल्या शहरात होते. ‘चिन शी’च्या संपादकांनी युआन हाओवेनने जमविलेल्या साधनांचा उपयोग केला होता. म्हणजे तिन्ही साक्षी एका मर्यादित वर्तुळाकडे जातात. मृतांची नेमकी संख्या म्हणून हे आकडे स्वीकारणे धाडसाचे ठरेल. मात्र एक अतिप्रचंड जीवितहानी झाली, याबद्दल शंका घेण्यास जागा राहत नाही.

५. ली गाओचा युक्तिवाद आणि काढ्याची रचना

ली गाओचा मूळ प्रश्न सरळ आहे. ही सगळी लक्षावधी माणसे एकाच वेळी थंडी-वाऱ्याने बाधित झाली, हे शक्य आहे काय? त्याच्या मते नाही. दोन-तीन महिने लोकांच्या खाण्यापिण्याचा नेम नव्हता. सकाळी उपास तर संध्याकाळी पोटभर, अशी अवस्था होती. अतिश्रम, भीती, उघड्यावरचे राहणे यांनी जठराची शक्ती खचली होती. वेढा उठल्यावर अन्न मिळताच लोकांनी ते एकदम आणि अति प्रमाणात खाल्ले. खचलेल्या पोटाला ते पेलले नाही. दोंगपिंग, तायुआन, फेंगश्यांग या शहरांतही पूर्वीच्या वेढ्यांनंतर हेच घडले होते, असा दाखलाही तो देतो.

यापुढील भाग अधिक गंभीर आहे. वैद्यांनी या रोग्यांना शीतबाधा झाली असे समजून घाम आणणारी औषधे दिली. कोणी जमालगोट्याने कोठा साफ केला, कोणी प्रसिद्ध रेचक काढे पाजले. त्यातून छाती बांधली जाणे, कावीळ होणे असे नवे विकार उद्भवले, तेव्हा पुन्हा रेचक दिले गेले व रोगी मरण पावले. मूळ रोग शीतबाधा नव्हताच, चुकीच्या उपचारांनी त्याला शीतबाधेचे रूप आले आणि दोष औषधांचा आहे, असा ली गाओचा स्पष्ट अभिप्राय आहे. स्वतःच्या व्यवसायावर केलेला इतका थेट आरोप मध्ययुगीन वैद्यकीय वाङ्मयात लक्षणीय म्हणावा लागेल.

या पार्श्वभूमीवर काढ्याची रचना पाहिली म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. त्यात आठ द्रव्ये आहेत. हुआंगची ही मुळी सर्वांत अधिक, म्हणजे एक च्यान (सुमारे चार ग्रॅम). तिच्या निम्मे भाजलेले ज्येष्ठमध. जिनसेंग, बायझू, दांगग्वी, संत्र्याच्या जातीच्या फळाची साल, शेंगमा आणि चायहू ही उरलेली सहा द्रव्ये प्रत्येकी केवळ दोन ते तीन फेन. दहा फेनांचा एक च्यान होतो. म्हणजे संपूर्ण मात्रा अवघी बारा ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या पाण्याचा एक वाटी काढा करून तो गाळून, जेवणापासून अंतर ठेवून, कोमट घ्यावयाचा.

यातील पहिली चार द्रव्ये शक्तीची भरपाई करणारी मानली जातात. दांगग्वी रक्तासाठी, तर फळाची साल भरपाईच्या औषधांनी पोट जड होऊ नये म्हणून योजिली आहे. शेंगमा व चायहू यांचे प्रमाण अल्प असले तरी खाली घसरलेली शक्ती वर उचलणे हे त्यांचे कार्य सांगितले आहे. रेचन ही अधोगामी क्रिया होय. तेव्हा हा काढा अक्षरशः रेचनाच्या उलट दिशेने रचलेला आहे. तापाच्या रोग्याला शीतल वा रेचक औषध न देता गोड व उष्ण द्रव्ये देण्याचे जे तत्त्व ली गाओने मांडले, त्याचे कारणही हेच. त्याच्या मते हा ताप बाहेरच्या बाधेचा नसून आतील रिकामेपणाचा होता. अल्प मात्रेचा संबंधही खचलेल्या पोटाशी जोडता येतो. आजच्या चिनी व्यवहारात हुआंगची याच्या कितीतरी पट दिली जाते, हे येथे नमूद करावयास हवे.

येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट होय. ली गाओच्या ग्रंथातील ‘पी’ या संज्ञेचे भाषांतर ‘प्लीहा’ असे केले जाते. तथापि तो शरीररचनेतील अवयव नसून पचन व पोषण यांच्या व्यापाराची संज्ञा आहे. आपल्याकडील वाचकाला येथे आयुर्वेदातील अग्नीची कल्पना आठवणे स्वाभाविक आहे. परंतु चिनी कल्पना पंचतत्त्वांच्या निराळ्या मांडणीतून, त्यातील पृथ्वीतत्त्वाशी जोडून आलेली आहे. साम्य दिसले म्हणून दोहोंचे समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य नव्हे.

६. आधुनिक निदान : प्लेग की उपासमार?

ली गाओचे उत्तर आधुनिक अभ्यासकांनी एकमुखाने स्वीकारलेले नाही. कायफेंगची साथ प्लेगची असावी, असे मत चिनी इतिहासकार त्साओ शूजी यांच्यासह काहींनी मांडले. इ.स. २०१४ मध्ये अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट हाइम्स यांनी तेराव्या शतकातील मंगोल मोहिमांबरोबर प्लेग चीनमध्ये पसरला असावा, असे गृहीतक विस्ताराने मांडले. इ.स. २०२२ मध्ये किर्गिझस्तानातील इसिक-कुल सरोवरानजीकच्या इ.स. १३३८-३९ च्या दफनांतून प्लेगच्या जंतूचा जनुकीय पुरावा प्रसिद्ध झाला. त्यामुळे युरोपातील ‘काळ्या मृत्यू’चा उगम मध्य आशियात शोधण्यास बळ मिळाले. पण हा पुरावा कायफेंगनंतर शंभर वर्षांनंतरचा व दूरच्या प्रदेशातील आहे. कायफेंगबाबतचे गृहीतक अद्याप मुख्यतः ग्रंथांच्या वाचनावरच उभे आहे.

प्लेगच्या बाजूने एक मुद्दा मात्र दुर्लक्षिता येत नाही. तीव्र हल्ल्याचा काळ अर्धा महिनाच होता. कायफेंगमधील भीषण दुष्काळ, ज्यात नरमांसभक्षणापर्यंत पाळी आल्याच्या नोंदी आहेत, तो त्याच वर्षी पुढे मंगोल दूताची हत्या होऊन नाकेबंदी पुन्हा सुरू झाल्यानंतरचा, म्हणजे इ.स. १२३२-३३ च्या हिवाळ्यातला. साथ त्याच्या आधी येऊन गेली होती. तेव्हा केवळ उपासमारीने एवढे मृत्यू कसे झाले, हा प्रश्न उरतोच. शिवाय ‘चिन शी’त त्या पाचव्या महिन्यात हिवाळ्यासारखी थंडी पडल्याची नोंद आहे. म्हणजे शीतबाधेचे निदान करणारे वैद्यही सर्वस्वी निराधार बोलत नव्हते.

दुसऱ्या बाजूने पाहता, ली गाओने या प्रसंगाचे जे वर्णन केले आहे त्यात प्लेगच्या गाठींचा उल्लेख नाही. दीर्घ उपासानंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडून मृत्यू ओढवू शकतो, हे दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यकशास्त्राला नीट उमगले. ली गाओच्या निरीक्षणाचा हा भाग त्यामुळे केवळ तत्त्वचर्चा म्हणून बाजूला सारता येत नाही. निर्वासितांनी भरलेल्या, घाण पाण्याच्या, अर्धपोटी शहरात आतड्यांचे संसर्ग, ज्वर व कुपोषण एकत्र नांदतात, हाही सार्वत्रिक अनुभव आहे. उपासमार आणि संसर्ग यांपैकी एकाचीच निवड करणे ऐतिहासिक वास्तवाला धरून होणार नाही.

गंमत अशी की, सर्वजण एकाच वेळी आजारी पडले या एकाच तथ्यावरून आजचा वाचक संसर्गाचा निष्कर्ष काढील, तर ली गाओने नेमका उलट निष्कर्ष काढला. त्याच्या दृष्टीने सर्वांना समान असलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे वेढ्यातील जगणे.

७. काढ्याचा पुढील प्रवास

ली गाओच्या मृत्यूनंतर त्याचा शिष्य ल्वो त्यानयी याने गुरूचे ‘लान शी मी त्सांग’ इ.स. १२७६ मध्ये प्रसिद्ध केले. मिंग काळात राजवैद्यकीय संस्थेत काम केलेला श्वे जी (इ.स. १४८७ ते १५५९) याच्या रुग्णनोंदींत हा काढा पुनःपुन्हा आढळतो. जपानमध्ये ताशिरो सांकी व त्याचा शिष्य मानासे दोसान (इ.स. १५०७ ते १५९४) यांनी ली गाओ व झू झेनहेंग यांचे वैद्यक रुजविले. तेथे हा काढा ‘होचूएक्कितो’ या नावाने ओळखला जातो. इ.स. १९७६ मध्ये जपानच्या आरोग्यविम्यात पारंपरिक औषधयोगांचा मोठ्या प्रमाणावर समावेश झाला. थकवा, अन्नद्वेष व आजारानंतरचा अशक्तपणा यांसाठी हा योग आजही तेथील डॉक्टर लिहून देतात. चीनमध्ये तो तयार गोळ्यांच्या रूपात मिळतो.

या प्रवासात काढ्याचा रोगी बदलला. उपाशी नगरवासीयासाठी मांडलेल्या सिद्धांताचे औषध पुढे सुस्थित, बैठे जीवन जगणाऱ्या वर्गाचे बलवर्धक झाले. जिनसेंगसारखे महाग द्रव्य असलेला योग कायफेंगच्या गरिबांपर्यंत कितपत पोहोचला असेल, हा प्रश्नही यातूनच उद्भवतो.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, ‘बू झोंग यी ची तांग’ हा पचनाच्या तक्रारींवरील एक सामान्य योग म्हणून पुढे आला असला, तरी त्याची वैचारिक बांधणी एका विशिष्ट ऐतिहासिक संहाराशी निगडित आहे. दोन, कायफेंगच्या मृत्यूंची कारणमीमांसा करताना ली गाओचे निदान जसेच्या तसे स्वीकारणे किंवा आधुनिक रोगनामाने ते पुसून टाकणे, ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. तीन, साक्षींची संख्या म्हणजे पुराव्याची संख्या नव्हे. त्यांचे परस्परसंबंध तपासल्याविना आकड्यांवर विसंबता येत नाही.

याखेरीज आणखी एक मुद्दा आहे. थंडी-वाऱ्याने माणसे मेली असे म्हटले, तर दोष कोणाचाच राहत नाही. भूक, श्रम आणि चुकीचे उपचार यांनी मेली असे म्हटले, की दोषाचा प्रश्न उभा राहतो. ली गाओने तो प्रश्न वैद्यांपुरता विचारला. युद्ध लादणाऱ्यांना त्याने तो विचारला नाही. ग्रंथ पूर्ण होईपर्यंत चिन राज्य नष्ट होऊन (इ.स. १२३४) तेरा वर्षे लोटली होती आणि लेखक मंगोल सत्तेखाली राहत होता, हे लक्षात घेता त्याचे मौन समजण्याजोगे आहे. तरीही रोगाचे कारण आभाळात न शोधता माणसाच्या ताटात आणि त्याच्या कष्टांत शोधण्याचे धैर्य त्याने दाखविले. आठ वनस्पतींच्या या काढ्यामागे ते धैर्य आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने औषधांच्या याद्याही साधनग्रंथ म्हणून वाचाव्यात याचे तेच सबळ कारण होय.